अडला आहे तो पैसा



यंदाचा अंक आम्ही लहान धंद्यांना वाहिला आहे. दिवाळीचे दिवस म्हणजे त्यांचा मोठा हंगाम. कंदील, कपडे, फराळाचे सामान, सारा माल आधी भरावा लागतो आणि पैसा येतो तो विक्री झाल्यावर. मधल्या दिवसांत हाताशी खेळते भांडवल असेल तर हंगाम साधतो, नाहीतर दारात आलेले गिऱ्हाईक परत जाते.

मार्च १९५९ मध्ये गिरगावातल्या सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले आणि त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. त्यांच्या कष्टांचे कौतुक आपण करतोच. पण ते ८० रुपये देणारे छगनलाल पारेख समाजसेवक होते, सावकार नव्हते, हेही लक्षात ठेवायला हवे. कारण पहाटे ९०० रुपये उचलून संध्याकाळी १००० फेडणारे भाजीवाले आपल्या शहरांत आजही आहेत. रोजचे १०० म्हणजे महिन्याला ३००० रुपये व्याज, तेही ९०० रुपयांवर. एवढे भरूनही ज्याची हातगाडी चालते, त्याचा धंदा कच्चा म्हणायचा कसा?

१९९८ मध्ये सरकारने अग्रक्रमाच्या कर्जासाठी लघुउद्योगाच्या गुंतवणुकीची मर्यादा ६५ लाखांवरून ३ कोटींवर नेली. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी या बदलाचा अभ्यास केला, तेव्हा नव्याने कर्ज खुले झालेल्या कारखान्यांची विक्री आणि नफा वाढलेला दिसला. मागणी होती, अडला होता तो पैसा. पुढे हैदराबादच्या वस्त्यांतल्या सूक्ष्मकर्जांच्या अभ्यासात मात्र सरसकट सगळ्यांचे भले झालेले आढळले नाही; ज्यांचा धंदा आधीपासून होता, त्यांनी तो वाढवला. कर्जाने धंदा जन्माला येत नाही, चालत्या धंद्याला बळ मिळते.

म्हणून कर्ज देणाऱ्याची नजर तारणापेक्षा धंद्याच्या चालीवर हवी. मुद्रा योजनेने २०१५ पासून विनातारण कर्जाची वाट उघडली, हे चांगलेच झाले. पण पत कशी ओळखायची, हा प्रश्न उरतोच. रोज संध्याकाळी गल्ला मोजून पिग्मी एजंटाच्या हातात शंभर रुपये ठेवणाऱ्या बाईची पत तिच्या पिग्मीच्या खात्यात नोंदलेली असते. तिच्या धंद्याबद्दल इतके सातबारा कधीच सांगणार नाही. बँकांनी आणि पतसंस्थांनी ही नोंद कर्ज मंजूर करताना वाचावी, असा आमचा आग्रह आहे.

आपल्यालाही करण्यासारखे काही आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागते. थकवलेले प्रत्येक बिल म्हणजे लहान माणसाकडून आपण बिनव्याजी घेतलेले कर्ज. वाचकहो, शिंपी, सुतार, छापखाना, डबेवाल्या मावशी, ज्यांचे देणे राहिले असेल त्यांचे लक्ष्मीपूजनाआधी चुकते करा.

दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!

— संपादक