पर्यायी डोंगर कुठून आणणार?

‘दगडच तो, त्यात जपण्यासारखे काय आहे?’ पनवेल परिसरात डोंगर पोखरण्याचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. त्यामागचे युक्तिवाद एकेक करून तपासले पाहिजेत.

पहिला युक्तिवाद असा की सगळीकडे तोच काळा कातळ. सुकापूरहून नेरे-धोदाणीकडे जाताना दिसणारी माथेरान-प्रबळची रांग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची आहे, हे खरे. पण तो लाव्हा एकाच वेळी ओतला गेला नाही. कुठलीही ताजी कापलेली दरड जवळून पाहा. खाली घट्ट कातळ, वर बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला थर, त्या छिद्रांत झिओलाइटचे पांढरे स्फटिक आणि काही ठिकाणी दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा. हा पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधला विसावा. खडकात मुरलेले पाणी अशा पट्ट्यावर अडते आणि उतारावर झरा होऊन बाहेर पडते. शिवाय घाटमाथ्यावर जवळपास आडवे असलेले हे थर पनवेलच्या पट्ट्यात पश्चिमेकडे झुकतात. ‘पनवेल फ्लेक्शर’ या नावाने हा झुकाव जगभरचे भूशास्त्रज्ञ ओळखतात. भारताचा पश्चिम किनारा कसा घडला, याचा तो पुरावा आहे. मग सगळा दगड सारखाच, हे कशाच्या आधारावर म्हणायचे?

दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे: खडीशिवाय घरे, रस्ते, विमानतळ होणार कसे? होणार नाहीत. सुकापूरच्या इमारतीही खडीवरच उभ्या आहेत. आक्षेप दगड काढण्याला नाही, न पाहता काढण्याला आहे. खाणीचा हिशेब ब्रासमध्ये होतो, स्वामित्वधनही ब्रासवर ठरते. त्या ब्रासमध्ये काय गेले, याचा रकाना कुठे आहे? नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंगांनी सपाट झाली आणि 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटनही झाले. ती टेकडी आता कोणत्याही खर्चाने परत येणार नाही.

तिसरा युक्तिवाद म्हणजे जंगल राखले की डोंगर आपोआप राखला जातो. कर्नाळ्याला 1968 मध्ये पक्षी अभयारण्य झाले, त्याचा लाभ तिथल्या सुळक्यालाही मिळाला. पण अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या उघड्या कड्याचे काय? वनजमीन गेली तर पर्यायी वनीकरणाची तरतूद आहे. पर्यायी डोंगराची तरतूद कोणत्याच कायद्यात होऊ शकत नाही. म्हणूनच झाडापेक्षा कातळाच्या बाबतीत आधी विचार करणे भाग आहे.

आणि हे अशक्य मुळीच नाही. लोणारचे विवर राष्ट्रीय भूवारसा म्हणून मान्य झाले. पाचगणी-महाबळेश्वरचे लाव्हाथर 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले. युनेस्कोने 6 ऑक्टोबर हा भूविविधता दिन ठरवला. भूवारसा स्थळांच्या जतनासाठी केंद्राने 2022 मध्ये विधेयकाचा मसुदाही काढला. पण फक्त नामांकित स्थळे वाचवून भागणार नाही, कारण विविधता गावोगावच्या टेकड्यांत आहे.

रायगड जिल्ह्यातल्या महत्त्वाच्या कड्यांची, सुळक्यांची, झऱ्यांची यादी करावी. खाणपट्टा देण्याआधी भूशास्त्रज्ञाची पाहणी सक्तीची करावी. बंद खाणी भराव आणि कचऱ्याने बुजवण्याऐवजी त्यांतला एक तरी कडा फलक लावून शाळांसाठी उघडा ठेवावा. यातल्या कशानेही बांधकाम थांबणार नाही. थांबेल ती फक्त काय गमावतो आहोत हे न पाहताच सुरुंग लावण्याची घाई, आणि ती थांबलीच पाहिजे.