नशीब नव्हे, उतारा



अमेरिकेतील विधी महाविद्यालयांच्या ‘एलसॅट’ परीक्षेतले अनुमानाचे प्रश्न म्हणजे निव्वळ नशीब, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटले नाही. उताऱ्यात ‘काही न्यायाधीशांनी नियम नाकारला’ एवढेच असेल, तर उरलेल्यांनी तो स्वीकारला असे म्हणता येत नाही. निदान एकाने तो नाकारला, इतकेच पक्के. बरोबर पर्याय बहुधा असाच मिळमिळीत असतो. हुशार मुले नेमकी तिथेच घसरतात, कारण ती बाहेरचे ज्ञान उताऱ्यात घुसडतात. ३५ मिनिटांत उताऱ्यांचे ४ संच, हे मात्र जाचक आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा ठोकून देणे शेवटच्या मिनिटापुरते ठीक. तोवर, विद्यार्थ्यांनो, प्रत्येक पर्यायाचा आधार उताऱ्यात बोट ठेवून दाखवता येतो का, ते पाहा.

– एक वाचक, ठाणे