चैनीची मोटार आणि रोजचा प्रवास

रोजच्या वापरासाठी छोटी आलिशान एसयूव्ही कितपत योग्य, याची चर्चा वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून मोठ्या गांभीर्याने चालते. आसने किती सुखद, गर्दीत ती वळते कशी, खड्डे जाणवतात का, हे या चर्चेचे निकष. बीएमडब्ल्यू कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये ४९ लाख रुपये किमतीला आणलेली, विजेवर चालणारी आयएक्स-१ या निकषांवर सहज उत्तीर्ण होईल. ती आवाज करीत नाही, धूर सोडत नाही. परंतु सार्वजनिक रस्त्यावर आणि सार्वजनिक तिजोरीवर तिचा किती भार पडतो, हाही एक निकष आहे आणि नेमका तोच वगळला जातो.

रस्त्याचा हिशेब साधा आहे. ही मोटार साडेचार मीटरहून अधिक लांब. अशा तीन मोटारी एकामागे एक उभ्या राहिल्या की एका मोठ्या बसपेक्षा जास्त जागा अडते. त्या तिन्हींत मिळून बहुधा चार-पाच माणसे. गर्दीच्या वेळी बसमध्ये पन्नास-साठ. पेट्रोलऐवजी वीज आल्याने हे गणित बदलत नाही.

तिजोरीचा हिशेब अधिक बोलका आहे. विजेची मोटार दहा लाखांची असो वा कोटीची, ऑगस्ट २०१९ पासून तिच्यावरील वस्तू व सेवा कर पाच टक्केच. सायकलीवर मात्र तो सप्टेंबर २०२५ पर्यंत बारा टक्के होता. म्हणजे सहा वर्षे कामगाराच्या सायकलीने धनिकाच्या मोटारीपेक्षा दुपटीहून अधिक दराने कर भरला!

महाराष्ट्र सरकारने मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरील विजेच्या मोटारींवर सहा टक्के मोटार वाहन कर सुचवला होता. त्यातून फारसे उत्पन्न मिळणार नाही आणि चुकीचा संदेश जाईल, असे सांगून मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याच महिन्यात तो मागे घेतला. ४९ लाखांच्या मोटारीला हा कर तीन लाखांच्या आसपास पडला असता. पुढे ९ मे २०२५ रोजी बेस्टचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. घरकामाला बसने जाणाऱ्या बाईला येण्याजाण्याचे दिवसाला दहा रुपये जादा, पंचवीस दिवसांचे अडीचशे. या वाढीने श्रमिकांना कोणता संदेश गेला, याची चिंता राज्यकर्त्यांना पडलेली दिसली नाही.

विजेच्या वाहनांना समाजवाद्यांचा विरोध असण्याचे कारण नाही. विरोध आहे तो पर्यावरणाच्या नावाखाली चैनीला मिळणाऱ्या सवलतीला. हवा स्वच्छ व्हायची तर सवलतीचा पहिला हक्क विजेच्या बसचा. तीस लाखांवरील मोटारींवर तो सहा टक्के कर लावावा, त्याचे उत्पन्न बेस्ट, पीएमपी आणि एसटीच्या नव्या गाड्यांसाठी राखून ठेवावे, ही मागणी कार्यकर्त्यांनी बसथांब्याच्या रांगेपासून विधिमंडळापर्यंत नेली पाहिजे. रोजचा प्रवास बहुसंख्यांचा आहे. त्याची धोरणेही त्यांच्याच गरजेवरून ठरली पाहिजेत.