गल्ली सोडून नगरात उभं राहताना

बेळगावात नगरसेवक व्हायचं तर पूर्वी आधी गल्लीत ठरावं लागे. देवस्थानची पंच कमिटी, गणेशोत्सव मंडळ, तालमीतली पोरं आणि चार जुनी घरं यांची रात्री देवळात बैठक बसायची. इच्छुक तिघे-चौघे असले तर दोघातिघांची समजूत काढली जायची, 'पुढच्या टायमाला तुझंच' असं सांगितलं जायचं आणि एकाच्या नावानं नारळ फुटायचा. महाराष्ट्र एकीकरण समितीचा पाठिंबा त्यानंतर. नार्वेकर गल्ली असो, शहापूरची कोरे गल्ली असो नाहीतर अनगोळ-वडगाव, रीत साधारण हीच. बंडखोरी व्हायची, भाऊ भावाविरुद्ध उभा राहायचा, पण भांडणसुद्धा गल्लीतल्या गल्लीत असायचं आणि कुणाची मतं कुठं आहेत हे चहाच्या टपरीवर बसून सांगता यायचं.

आता शहर गल्लीत मावत नाही. वाटण्या झाल्या, खोल्या अपुऱ्या पडल्या, पोरांची लग्नं झाली आणि माणसं भाग्यनगर, शाहूनगर, सह्याद्रीनगर, महांतेशनगर, रामतीर्थनगर, कणबर्गीकडे सरकली. ज्यांना तिथलंही परवडलं नाही ते महापालिकेची हद्द ओलांडून हिंडलगा, बेनकनहळ्ळी, कंग्राळी, पिरनवाडी, मच्छे इथं गेले. मच्छे आणि पिरनवाडी तर ग्रामपंचायतीच्या नगरपंचायती झाल्या.

आमच्याच रस्त्याचं बघा. कोपऱ्यावर मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार, त्यांच्या शेजारी खानापूर तालुक्यातलं कुटुंब, समोर सौंदत्तीकडचे कन्नड मास्तर, पुढं चंदगडहून आलेला गवंड्यांचा ठेकेदार, मग एक कोकणी घर, एक उर्दू बोलणारं आणि मध्ये तीन मोकळे प्लॉट. प्लॉटांचे मालक पुण्यात नाहीतर बंगळूरला. झाडोरा वाढलाय, त्यात कुत्री. इथं पंच कोण? देऊळ आहे, पण त्याची कमिटी वर्गणीपुरती. अशा ठिकाणी नारळ कुणाच्या नावानं फोडायचा?

ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ पुढच्या खेपेला उभं राहायचं म्हणून आतापासून घरोघर जाताहेत. मूळचे शहापूरचे, चळवळीतले, लहानपणी वडिलांचा हात धरून मोर्चाला गेलेले. मीही एका संध्याकाळी त्यांच्याबरोबर गेलो. पहिल्याच घरी त्यांनी सीमाप्रश्नापासून सुरुवात केली. घरातल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "मत घालतो की ओ, नाही कुठं म्हणतोय. पण ही गटार पुढं कुठं सोडणार, ते सांगा आधी."

गटार खरोखरच लेआउटच्या शेवटच्या प्लॉटपाशी येऊन थांबते. पुढं दुसऱ्याचं शेत. लेआउट पाडणाऱ्यानं आपल्या हद्दीपुरती गटार बांधली, प्लॉट विकले आणि तो गेला. पावसाळ्यात सगळं पाणी शेतात, शेतकरी चिडून मातीचा बांध घालतो, मग तेच पाणी उलट आमच्या अंगणात. लेआउट महापालिकेकडं रीतसर सोपवलेला नसेल तर महापालिका म्हणणार, हे आमच्याकडं आलेलंच नाही. बुडाकडं, म्हणजे नगरविकास प्राधिकरणाकडं गेलं तर तिथं दुसरं उत्तर. निवडून येऊ पाहणाऱ्या माणसाला यातला कागद माहीत पाहिजे. आमच्या उमेदवाराला संयुक्त महाराष्ट्राचा इतिहास तारखांसह पाठ. लेआउटच्या हस्तांतराचं विचारल्यावर ते माझ्याकडं बघायला लागले.

दुसरा विषय उताऱ्याचा. आमच्या भागात कितीतरी प्लॉट शेतजमिनीचे तुकडे पाडून बाँडवर विकलेले. घर उभं, वीज आली, पोरं मोठी झाली, पण महापालिकेच्या वहीत नाव नाही. त्यामुळं बँक कर्ज देत नाही आणि विकायला गेलं तर गिऱ्हाईक भाव पाडतं. २०२५ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं अशा मिळकतींना बी खाता देण्याची मोहीम काढली तेव्हा महापालिकेत लागलेल्या रांगेत मराठी-कन्नड असा भेद नव्हता. सगळ्यांच्या हातात तोच बाँड, तीच झेरॉक्स. अर्ज मात्र कन्नडमध्ये. ज्याला तो भरता येत होता, त्या पोराच्या टेबलाभोवती गर्दी. असा पोरगा उद्या उभा राहिला तर आम्हा सगळ्यांना जड जाईल, असं मी तेव्हा म्हटलं होतं आणि आजही म्हणतो.

२०२१ च्या निकालावर गेली काही वर्षं जे बोललं जातं, ते मला म्हणूनच अर्धवट वाटतं. ३ सप्टेंबरला मतदान झालं, ६ तारखेला मतमोजणी. ५८ प्रभागांत भाजपला ३५ जागा, काँग्रेसला १०, एमआयएमला १, उरलेले अपक्ष. त्यांत समितीचे मोजकेच. राष्ट्रीय पक्ष चिन्हावर लढण्याची ती पहिलीच वेळ. तोवर सभागृहात मराठी गट आणि कन्नड-उर्दू गट अशीच विभागणी असायची आणि २०१३ सालीही बहुमत मराठी गटाचंच होतं. मग आठ वर्षांत काय झालं? कुणी सांगतं मतदान यंत्रं, कुणी सांगतं प्रभागांची फेररचना, कुणी सांगतं समितीतली भांडणं. या तक्रारी खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. पण भाजपच्या चिन्हावर आलेल्यांत मराठी घरांतले कितीतरी आहेत. पुढं महापौर झाले त्यांत शोभा सोमनाचे, मंगेश पवार ही नावं आहेत. मराठी माणूस सभागृहातून नाहीसा झाला नाही. गल्लीतल्या बैठकीनं त्याला पाठवण्याची पद्धत संपली. नगरांत बैठकच बसत नव्हती आणि ती जागा पक्षाच्या बूथ कमिटीनं घेतली, यादीचं एकेक पान एकेका कार्यकर्त्याकडं देऊन. आम्ही मात्र देवळातला नारळ कधी फुटतोय, याची वाट बघत बसलो.

जुन्या पद्धतीला नावं ठेवायचा माझा इरादा नाही. तिच्यातूनच हिंमतीची माणसं आली. २००५ साली महापौर विजय मोरे यांच्या काळात बेळगाव महाराष्ट्रात घालावं असा ठराव सभागृहानं केला. त्यानंतर नोव्हेंबरात बंगळूरला मोरे यांच्या तोंडाला काळं फासण्यात आलं आणि त्याच महिन्यात महापालिका बरखास्त झाली. २०११ मध्ये १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत महापौर मंदा बाळेकुंद्री आणि उपमहापौर रेणू किल्लेकर सामील झाल्या, त्यानंतर पुन्हा बरखास्ती. ही किंमत त्यांनी आपल्या पदानं मोजली. मात्र बरखास्तीच्या काळात गटारी, पाणी, घरपट्टी सगळं प्रशासकाच्या हाती गेलं आणि नव्या नगरांतल्या माणसाला दाद मागायला नगरसेवकच उरला नाही, हेही खरं. सीमेचा प्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो वॉर्डातून सुटणार नाही, आणि वॉर्डातली गटार सर्वोच्च न्यायालय बांधून देणार नाही.

मराठीत विषयपत्रिका द्या ही मागणी सभागृहात आजही होते आणि ती रास्तच आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्काची बाब आहे. पण नगरसेवकानं मराठीत कागद मागत असतानाच कन्नड फाइल वाचायला शिकावं. शेरा काय मारलाय हे दुसऱ्याला विचारून कळणार असेल, तर तो दुसरा माणूसच नगरसेवक झाला. आमच्या उमेदवाराला मी हे बोललो तेव्हा ते जरा रुसले. या वयात मुळाक्षरं गिरवू काय, म्हणाले. त्यांची नात कन्नड माध्यमात आहे, हे मी बोललो नाही.

निवडून आलं म्हणजे बसायला मिळतं, असंही नाही. २०२१ च्या सप्टेंबरात निवडून आलेल्यांना महापौर-उपमहापौर निवडायला थेट २०२३ चा फेब्रुवारी उजाडला. सतरा महिने ही मंडळी नावाची नगरसेवक. घरासमोर पाटी, लग्नपत्रिकेत नाव, अधिकार शून्य. पाच वर्षांची मुदत पहिल्या बैठकीपासून मोजतात, त्यामुळं तेवढं तरी वाचलं. निपाणीकरांनी याहून मोठा वनवास भोगलाय. तिथं पालिकेचं मतदान २०१८ च्या ऑगस्टअखेर झालं आणि अध्यक्ष-उपाध्यक्षांच्या आरक्षणाचा वाद राज्यभर कोर्टात अडकल्यानं खुर्ची भरायला दोन वर्षांहून जास्त काळ गेला. तंबाखूच्या वखारींतून उठलेल्या कामगारांचं आणि १९८१ चं शेतकरी आंदोलन बघितलेलं ते गाव; निवडून दिलेली माणसं रिकामी बसलेली त्याला कशी चालली, याचं मला नवल वाटतं.

शिवाय आरक्षण. निम्म्या जागा बायकांना, हे उत्तमच. पण प्रभाग 'सामान्य महिला' निघाला की आमच्याकडचा इच्छुक दुसऱ्या दिवशी पत्नीचा फोटो काढायला स्टुडिओत जातो. बॅनरवर फोटो मात्र नवऱ्याचाच मोठा. गटारीचा प्रश्न विचारणाऱ्या त्या बाईंनाच उभं करावं, असं मी सुचवून पाहिलं. गृहस्थ हसले. बाई हसल्या नाहीत. अनामत रक्कम किती भरावी लागते, ते त्यांनी विचारलं.

मध्येच हद्दवाढीची चर्चा निघते. आसपासची गावं महापालिकेत घ्यायची म्हटलं की तिथले लोक बिथरतात: घरपट्टी वाढणार, पंचायतीचा मेंबर कट्ट्यावर तरी सापडतो, नगरसेवकाला शोधायचं कुठं? शेती गेलेल्यांचा राग वेगळाच. बायपास आणि सांडपाण्याच्या प्रकल्पासाठी हलगा-मच्छे पट्ट्यातली सुपीक जमीन गेल्याचा सल त्यांच्या मनात ताजा आहे. हद्द वाढली तर प्रभाग पुन्हा आखणार आणि आमच्या उमेदवाराची निम्मी घरं दुसऱ्या वॉर्डात जाणार. तरी त्यांनी फिरणं थांबवलेलं नाही. आता ते सीमाप्रश्न शेवटी काढतात. आधी वही उघडून गटार, दिवा, खाता असं घरवार लिहून घेतात, आणि कन्नड मास्तरांच्या घरी गेले की ती वही मास्तरांसमोर ठेवून अर्जाचा मसुदा लिहून मागतात. मास्तर लिहून देतात. मत कुणाला घालणार, ते सांगत नाहीत.