तगडी शर्यत कशी ओळखावी?

मोठ्या शहरातील मॅरॅथॉन जवळ आली, की संयोजक एक यादी प्रसिद्ध करतात. २ तास ५ मिनिटांच्या आत धावलेले इतके पुरुष, २ तास २० मिनिटांच्या आत धावलेल्या इतक्या स्त्रिया, आणि यादीच्या डोक्यावर एखादा विक्रमवीर. लगेच वर्तमानपत्रे लिहितात, ‘यंदाची शर्यत सर्वांत तगडी!’ शर्यत संपल्यावर मथळ्यात एकच आकडा उरतो, विजेत्याची वेळ. ती जरा जास्त भरली, की शर्यत फिकी झाली असे म्हणून मंडळी मोकळी होतात. विद्यार्थी मित्रांनो, माझ्या मते या दोन्ही आकड्यांवरून शर्यतीचा कस नीट कळत नाही. तो पाहायचा तर निकालाच्या खालच्या ओळी वाचाव्या लागतात, आणि कोण हरले ते पाहावे लागते.

हेले लेमी बेरहानू या इथिओपियन धावपटूचेच उदाहरण घ्या. जानेवारी २०१६ मध्ये दुबईला तो २ तास ४ मिनिटे ३३ सेकंदांत धावला आणि दुसरा आला. तीनच महिन्यांनी बॉस्टनला त्याला २ तास १२ मिनिटे ४५ सेकंद लागले, आणि तेथे तो जिंकला! पुढे २०२३ मध्ये आपल्या मुंबईत २ तास ७ मिनिटे ३२ सेकंदांत पहिला येऊन त्याने तेथील मार्गाचा नवा विक्रम केला. धावपटू एकच, वेळांत मात्र आठ मिनिटांचा फरक. नुसत्या घड्याळाकडे पाहणारा म्हणेल, दुबईत हा मोठा होता आणि बॉस्टनला लहान झाला. मॅरॅथॉनमधील जाणकार मात्र बॉस्टनचे विजेतेपदच मोठे मानतील.

असे का व्हावे? दुबईचा रस्ता सपाट. बॉस्टनचा चढउतारांचा, आणि तेथे वेगवाहक नसतात. वेगवाहक म्हणजे ठरलेल्या वेगाने पुढे धावून वारा अंगावर घेणारे आणि वाटेत बाजूला होणारे भाडोत्री धावपटू. त्यांचा उपयोग किती? १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेबरोबर गेलेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी हे मोजून पाहिले. त्यांचे प्रयोग १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. सेकंदाला ६ मीटर वेगाने धावणारा माणूस दुसऱ्याच्या मागे एक मीटरवर राहिला, तर त्याला लागणारा ऑक्सिजन सुमारे साडेसहा टक्क्यांनी कमी होतो, असे त्यांना आढळले. उत्तम पुरुष मॅरॅथॉनपटूंचा वेग सेकंदाला पावणेसहा मीटरच्या आसपास असतो, हे ध्यानात घ्या. म्हणजे कोणाच्या पाठीमागे किती वेळ धावायला मिळाले, यावरसुद्धा ‘वेळ’ ठरते. शिवाय हवेचा उष्मा आणि दमटपणा आहेच. मुंबईकरांना तो वेगळा सांगायला नको.

बॉस्टनची आणखी एक गंमत आहे. तेथील शेवटची रेषा आरंभाच्या रेषेपेक्षा सुमारे १४० मीटर खाली आहे. विक्रमासाठी एवढा उतार चालत नाही. किलोमीटरमागे एक मीटर, म्हणजे सगळा मिळून ४२ मीटर, एवढीच सूट आहे. त्यामुळे २०११ मध्ये पाठीवर वारा घेऊन जेफ्री मुताई २ तास ३ मिनिटे २ सेकंदांत धावला, तेव्हाच्या जागतिक विक्रमापेक्षा जवळजवळ एक मिनिट लवकर, तरी तो जागतिक विक्रम धरला गेला नाही. एकाच रस्त्यावर एका वर्षी अशी वेळ, आणि २०१८ च्या थंड पावसात व समोरच्या वाऱ्यात युकी कावाउची या जपानी धावपटूला जिंकायला २ तास १५ मिनिटे ५८ सेकंद पुरले! त्या दिवशी कित्येक नामांकित धावपटूंनी शर्यत अर्ध्यावर सोडली होती.

आता संयोजकांच्या यादीकडे वळू. तिच्यात प्रत्येकाच्या नावापुढे त्याची आयुष्यातील सर्वोत्तम वेळ असते. शिक्षकांना यातील खोच लगेच कळेल. विद्यार्थ्याला आजवरच्या परीक्षांतील सर्वांत जास्त गुणांवरून जोखले, तर वर्ग फारच हुशार दिसेल! ती वेळ कदाचित चार वर्षांपूर्वीची असेल, सपाट रस्त्यावरची असेल, एखाद्या भाग्याच्या दिवसाची असेल. यादीतील दहा जणांच्या सर्वोत्तम वेळांपेक्षा त्यांच्या गेल्या चार शर्यतींच्या वेळांचा मध्यक काढला, तर चित्र अधिक खरे दिसेल.

खरी तगडी शर्यत ओळखायची तर थोडे गणित करू. समजा, एक धावपटू इतका सरस आहे की कोणत्याही एका प्रतिस्पर्ध्याला तो दहापैकी नऊ वेळा हरवील. असे दोनच प्रतिस्पर्धी असतील, तर दोघांनाही हरवण्याची संभाव्यता ०.९ × ०.९, म्हणजे ०.८१. पाच असतील तर ती ०.५९ होते. दहा असतील तर ०.३५! (येथे प्रत्येक सामना स्वतंत्र धरला आहे. प्रत्यक्षात आपला वीर एखाद्या दिवशी ढेपाळला तर एकदम अनेकांकडून हरतो, म्हणून खरा आकडा थोडा जास्त येईल. पण कल कळण्यास हे पुरे.) म्हणजे चांगले धावपटू जितके जास्त, तितका सर्वोत्तम धावपटूसुद्धा हरण्याचा संभव जास्त. अमुक वीर हरला म्हणून शर्यत हलकी ठरवणारे येथेच चुकतात. उलट त्याचे हरणे हा कित्येकदा शर्यतीच्या कसाचा पुरावा असतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये बर्लिनला टिगिस्ट असेफा हिने २ तास ११ मिनिटे ५३ सेकंदांत स्त्रियांचा जागतिक विक्रम केला. दुसरी आलेली धावपटू जवळजवळ सहा मिनिटे मागे होती, अंतरात सांगायचे तर पावणेदोन किलोमीटरांहून अधिक. मागच्या स्त्रिया लेच्यापेच्या होत्या असे मुळीच नाही. पण असेफाची शर्यत होती घड्याळाशी, आणि सोबतीला पुरुष वेगवाहक होते. एप्रिल २०२४ मध्ये तीच असेफा लंडनला धावली. तेथे अव्वल स्त्रियांची शर्यत पुरुषांपासून वेगळी होते. अखेरपर्यंत चौघी एकत्र होत्या. पेरेस जेपचिरचिर २ तास १६ मिनिटे १६ सेकंदांत पहिली आली, असेफा सात सेकंदांनी दुसरी, जॉयसिलिन जेपकोसगेई आणखी एका सेकंदाने तिसरी, आणि मेगेर्टू अलेमू चौथी. पहिली आणि चौथी यांत अवघे १८ सेकंद, म्हणजे ४२ किलोमीटरनंतर शंभर मीटरसुद्धा नाहीत! फक्त स्त्रियांच्या शर्यतीचा तोवरचा विक्रम या चौघींनीही मोडला. विक्रमवीर हरली, तिची वेळ आधीच्यापेक्षा साडेचार मिनिटांनी वाढली, आणि तरीही मला विचाराल तर या दोन्हींत मोठी शर्यत लंडनचीच.

तुम्ही म्हणाल, मग ऑलिंपिक सर्वांत तगडे असणार. नियम पाहा: एका देशाचे जास्तीत जास्त तीन धावपटू. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी इथिओपियाने तामिरात तोला याला राखीव ठेवले होते. सिसाय लेम्मा जायबंदी झाला, म्हणून तोला धावला, आणि सुवर्णपदक घेऊन आला! एखाद्या देशाचा चौथा माणूस जगात पहिला येऊ शकतो, तेथे तिघांची मर्यादा शर्यतीची खोली कमी करणारच. शहरांच्या शर्यतींना ही अडचण नाही. ज्यांना हवे त्यांना त्या बोलावू शकतात.

पण बोलावण्याला पैसा लागतो, आणि पैसा मोजकाच असतो. तो एका नामांकित वीरावर आणि त्याच्या वेगवाहकांवर घालायचा, की दहा तोडीस तोड धावपटूंवर? पहिल्या मार्गाने मथळा मिळतो. विक्रमाला किंमत नाही असे मी म्हणत नाही. माणसाचे शरीर कोठवर जाऊ शकते हे विक्रमानेच कळते. पण ते एक प्रकारचे प्रयोगशाळेतील मापन झाले. शर्यत म्हणजे कधी जोर लावावा, कधी दबा धरावा, हे दुसऱ्याच्या चालीवरून ठरवणे, आणि त्यासाठी दुसरा तेवढ्याच ताकदीचा हवा. मी संयोजक असतो तर पैसे दहा जणांवर घातले असते.

पुढच्या जानेवारीत मुंबईची मॅरॅथॉन झाली, की दुसऱ्या दिवशी पहिल्या दहांच्या वेळा उतरवून घ्या आणि पहिल्या व दहाव्यातील अंतर काढा. मात्र सगळेच सारखे कच्चे असले तरी अंतर कमी भरते, तेव्हा त्यांपैकी कितीजणांनी गेल्या दोन वर्षांत दुसरीकडे मोठी शर्यत जिंकली आहे, तेही शोधा. आणि शिक्षक मंडळी, शाळेच्या क्रीडास्पर्धांत आपण फळ्यावर फक्त पहिल्या तिघांची नावे लिहितो. यंदा १५०० मीटरला आठव्या क्रमांकापर्यंतच्या वेळा टिपता येतील का? त्यासाठी घड्याळ धरणारी मुले थोडी जास्त लागतील, एवढेच.