शिकारीने गवत वाचते का?

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात ऑक्टोबरचा तिसरा शनिवार सणासारखा असतो. त्या दिवशी फेझंटच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. दुसऱ्या राज्यांतून माणसे गाडीत कुत्री घेऊन येतात आणि छोट्या गावांतले लॉज भरून जातात. फेझंट हा मोर, रानकोंबडी आणि तित्तर यांच्याच कुळातला पक्षी. नर तांबूस-सोनेरी, मानेभोवती पांढरे कडे, लांब शेपूट. मादी वाळल्या गवताच्या रंगाची. माणशी दिवसाला तीन पक्षी, तेही फक्त नर, असा तिथला कायदा आहे.

या शिकाऱ्यांचा एक दावा आहे: आम्ही शिकार करतो म्हणूनच पक्ष्यांना राहायला गवत उरले आहे. भारतात शिकारीवर बंदी येऊन काही दशके झाली. त्यामुळे आपल्या कानांना हा दावा उलटाच वाटतो. पण तो हसून झटकून टाकण्यासारखा नाही आणि आहे तसा गिळण्यासारखाही नाही. आपली माळराने ज्या वेगाने संपत आहेत ते पाहता त्याची नीट तपासणी आपल्याही उपयोगाची आहे.

आधी ही शिकार होते कशी ते पाहू. कुत्र्याशिवाय ती जवळपास होतच नाही. गुडघाभर गवतात फेझंट उडण्यापेक्षा पळणे पसंत करतो आणि दडून बसला तर माणूस त्याच्या दोन पावलांवरून पुढे निघून जातो. कुत्रा वाऱ्याकडे तोंड करून आडवा-तिडवा फिरत रान पालथे घालतो. नाकात वास शिरला की त्याची चाल बदलते. शेपटी ताठ होते, मान लांबते, पुढचा एक पाय उचललेला तसाच अधांतरी राहतो. पॉइंटर आणि सेटर जातीची कुत्री अशी खिळून उभी राहतात. मग माणूस पुढे होतो, पक्षी पंखांचा मोठा फडफडाट करत वर उठतो आणि नर की मादी हे ओळखायला जेमतेम एक-दोन सेकंद मिळतात. पक्षी पडला की पुन्हा कुत्र्याचेच काम. पंख मोडलेला फेझंट गवतातून पळत सुटतो. माणसाला तो सापडणे अवघड असते. कुत्रा माग काढतो आणि दात न रुतवता त्याला उचलून आणतो.

या तपशिलाला नैतिक वजन आहे. पायी चालणारा माणूस आणि एक कुत्रा यांच्या शिकारीला आपोआप मर्यादा पडते. जखमी पक्षी झुडपात तडफडत मरण्याऐवजी बहुतेक वेळा हाती लागतो. ब्रिटनच्या डोंगराळ माळांवर ग्राउझ पक्ष्यांची जी शिकार चालते, तिच्यात हाकारे थवेच्या थवे बंदुकांच्या रांगेकडे पिटाळतात आणि एका दिवसात शेकडो पक्षी पडू शकतात. तेवढे पक्षी उपलब्ध राहावेत म्हणून काही ठिकाणी भोवत्यांसारखे संरक्षित शिकारी पक्षी बेकायदा मारले गेले. अखेर २०२४ मध्ये स्कॉटलंडने कायदा करून ग्राउझच्या शिकारीला परवाना सक्तीचा केला. त्यामुळे ‘शिकार’ या एका शब्दाखाली सगळ्याच प्रकारांना एकाच न्यायाने तोलता येत नाही.

आता दाव्याची जमेची बाजू. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने अमेरिकेत बंदुका आणि काडतुसांवरच्या विशेष कराचे उत्पन्न वन्यजीवांसाठी राखून ठेवले. लांब नळीच्या बंदुका आणि दारूगोळ्यावर तो ११ टक्के आहे. ही रक्कम वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळते. शिवाय परवान्यांचे पैसे राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातात. फेझंटचा एक नर अनेक माद्यांशी जोडी जमवतो, त्यामुळे काही नर कमी झाल्याने पुढच्या वर्षीच्या पिलांवर फारसा परिणाम होत नाही. तसेही या पक्ष्यांचे आयुष्य तोकडे. बर्फ, उपासमार आणि कोल्हे यांतून दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत थोडेच पोचतात. पॉल एरिंग्टन या अभ्यासकाने बॉबव्हाइट लाव्यांचा अभ्यास करून मांडले होते की जमीन जेवढे पक्षी पोसू शकते, त्यावरचे पक्षी हिवाळ्यात नाहीतरी मरतातच. पुढच्या संशोधकांनी त्याला मुरड घातली: हंगामाच्या शेवटी मारलेला पक्षी हा हिवाळ्यातून वाचलेला पक्षी असू शकतो, म्हणजे ती घट जास्तीची ठरते. पण नियम पाळून, हंगामाच्या आरंभी केलेल्या शिकारीने फेझंट संपत नाहीत, एवढे मान्य करायला हरकत नाही.

मग ते कशाने वाढतात आणि कशाने घटतात? साउथ डकोटाचा इतिहास याचे उत्तर स्पष्ट देतो. १९५६ मध्ये ‘सॉइल बँक’ योजना आली. पीक न घेता जमीन गवताखाली ठेवणाऱ्या शेतकऱ्याला सरकार पैसे देऊ लागले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला फेझंट भरमसाट वाढले. करार संपले, नांगर फिरले आणि पक्षी कोसळले. १९८५ मध्ये ‘कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम’ आला, पुन्हा गवत आले, पुन्हा पक्षी वाढले. २००७ मध्ये या योजनेखाली देशभर ३.६८ कोटी एकर जमीन होती आणि त्याच वर्षी साउथ डकोटातल्या फेझंटचा अंदाज जवळपास १.२ कोटींवर गेला. नंतर इथेनॉलमुळे मक्याला भाव आला, करार संपलेली जमीन मक्याखाली आणि सोयाबीनखाली गेली. २०१२ चा दुष्काळ आणि पुढच्या वर्षीचा थंड, ओला वसंत यांनी त्यात भर घातली. २०१३ च्या पाहणीत पक्ष्यांचा निर्देशांक एका वर्षात ६४ टक्के खाली आला. २००७ ते २०१३ या काळात दिवसाला तीन नर ही मर्यादा बदललेली नव्हती. बदलले होते ते गवत आणि हवामान.

दाव्याचा कमकुवत धागाही इथेच हाती लागतो. गवत टिकवणारी ही सर्वांत मोठी योजना परवान्याच्या पैशावर चालत नाही, ती सर्वसाधारण करदात्याच्या पैशावर चालते. बंदुकांवरचा करही आज मोठ्या प्रमाणात अशा लोकांकडून येतो, ज्यांनी कधी शिकार केलेली नाही. पिस्तुले आणि नेमबाजीची काडतुसे घेणारे तो भरतात. म्हणजे ‘गवताचा खर्च आम्हीच उचलतो’ हे म्हणणे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे मात्र महत्त्वाचे: शेतकी कायदा संसदेत येतो तेव्हा गवतासाठी भांडायला जी माणसे उभी राहतात, त्यांत शिकाऱ्यांच्या संघटना पुढे असतात. १९८२ मध्ये स्थापन झालेली ‘फेझंट्स फॉरएव्हर’ ही त्यांतली एक. ज्या गवतात फेझंट अंडी घालतो, त्यातच मेडोलार्कसारखे गाणारे पक्षीही घरटी करतात. अमेरिका आणि कॅनडातले गवताळ प्रदेशांतले पक्षी १९७० पासून निम्म्याहून अधिक घटले, असे २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. त्या पार्श्वभूमीवर गवताच्या बाजूने उठणारा प्रत्येक आवाज मोलाचा आहे, मग तो कोणाचाही असो.

तरी आक्षेप उरतातच, आणि ते हलके नाहीत. फेझंट मूळचा अमेरिकेचा नव्हे. १८८० च्या दशकात चीनमधून ओरेगॉनमध्ये आणून सोडलेला हा पाहुणा १९४३ मध्ये साउथ डकोटाचा राज्यपक्षी झाला. त्याची घरटी वाचावीत म्हणून २०१९ मध्ये त्या राज्याने रकून, स्कंक, बॅजर, कोल्हे यांच्या प्रत्येक शेपटीमागे १० डॉलर बक्षीस लावले. परक्या पक्ष्याच्या शिकारीसाठी तिथल्याच प्राण्यांचा जीव घेणे याला संवर्धन म्हणता येत नाही. खासगी शिकार-रानांत पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून मारले जातात. तिथे गवताचा प्रश्नच उरत नाही. शिसे हा आणखी एक दोष. पक्षी खडे समजून छर्रे गिळतात आणि विषबाधेने मरतात, हे कळल्यावर १९९१ पर्यंत अमेरिकेने बदकांच्या शिकारीतून शिशाचे छर्रे हद्दपार केले. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून सर्वच शिकारीत ते बंद केले. पण माळावरच्या पक्ष्यांच्या शिकारीत इतर अनेक ठिकाणी ते अजून चालतात. सर्वांत मूळ आक्षेप तर वेदनेचा आहे. पोटाला गरज नसताना जीव घेणे चूक आहे असे मानणाऱ्याला गवताचे कितीही आकडे दाखवले तरी त्याचे समाधान होणार नाही, आणि तसे ते व्हायलाच हवे असेही नाही.

पण मग बंदीने पक्षी वाचतात का? अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हीथ हेन नावाचा कोंबडीएवढा पक्षी होता. मुख्य भूमीवर शिकारीनेच त्याचा घास घेतला, हे विसरता कामा नये. उरलेल्यांसाठी १९०८ मध्ये मार्थाज व्हिनयार्ड बेटावर राखीव रान ठेवले, शिकार थांबली. पण जागा थोडी होती. वणवा लागला, रोग पसरला, आणि १९३२ नंतर तो कुणालाच दिसला नाही. बंदूक वेळेवर थांबली नाही तर पक्षी जातो. बंदूक थांबूनही जागा उरली नाही तरी जातो.

हे आपल्याकडे फार जवळून लागू पडते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी तित्तर-लाव्यांपासून माळढोकापर्यंत सगळ्यांच्या शिकारीवर बंदी आली, आणि ते योग्यच झाले. माळढोकाची तर बेसुमार शिकार झाली होती. पण त्याच माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूर-अहमदनगर भागात ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले, पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आले, आणि सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर आता माळढोक जवळपास दिसेनासा झाला आहे. उजनी धरणाच्या पाण्याबरोबर ऊस आला, माळ नांगराखाली गेला. जिथे गेला नाही तिथे आपण तो ‘पडीक’ म्हणून नोंदवला आणि त्यावर झाडे लावून हिरवा केल्याचे समाधान मानले. बंदीची झळ फासेपारध्यांना सर्वांत आधी बसली. तित्तर कुठे उतरतो, लावा कुठे बसतो हे पिढ्यान्‌पिढ्या जाणणाऱ्या या लोकांना पोटाचा दुसरा मार्ग नीट दिला गेला नाही आणि त्यांचे ज्ञानही कुणी मागितले नाही. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आरंभीच्या मंडळींत शिकारी बरेच होते. सालिम अलींनाही पक्ष्यांचे वेड लागले ते लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीमुळे. शिकारीची माहिती अभ्यासाकडे वळवता येते, हे त्यांनी दाखवले होते. पारध्यांच्या बाबतीत आपण ती संधी दवडली.

आमचा कौल असा. महाराष्ट्रात तित्तर-लाव्यांची शिकार पुन्हा खुली करण्याची मागणी आम्ही करणार नाही. कायद्याची अंमलबजावणी आधीच ढिली आहे, माळांवर मोकाट कुत्री जमिनीवरची घरटी उद्ध्वस्त करतात, आणि उरलेले पक्षी इतके थोडे की प्रयोगाला जागाच नाही. साउथ डकोटातल्या शिकाऱ्याला मात्र सरसकट गुन्हेगार ठरवणे आम्हाला अन्यायाचे वाटते. जो पायी हिंडतो, चांगल्या कुत्र्याशिवाय रानात उतरत नाही, शिसे वापरत नाही, वन्य पक्ष्यांवर समाधान मानतो आणि गवतासाठी झगडतो, त्याचा छंद पटला नाही तरी त्याची जबाबदारी मान्य केली पाहिजे. पिंजऱ्यातले पक्षी सोडून मारणारा या सवलतीला पात्र नाही.

अमेरिकेकडून घ्यायचे ते बंदूक नव्हे, गवताचा करार. जो शेतकरी माळाचा तुकडा न नांगरता राखतो, त्याला दरवर्षी ठरलेला मोबदला मिळाला पाहिजे. माळरानाची ‘पडीक’ ही नोंद बदलली पाहिजे आणि त्यावर झाडे लावण्याचा हट्ट सोडला पाहिजे. राखणीचे आणि पक्षी मोजण्याचे काम पारध्यांच्या तरुणांना पगारावर दिले पाहिजे. तिथे गवतासाठी भांडायला शिकारी उभे राहतात. इथे शिकारी नाहीत, म्हणून ते काम आपल्यालाच, करदात्यांना आणि पक्षीप्रेमींना, अंगावर घ्यावे लागेल. बंदी घालून आपण मारणारा हात थांबवला. राखणारा हात उभा करणे अजून बाकी आहे.