माहूरचा विसरलेला गड

डोंगरी किल्ला पाहायचा तर अहमदपूरकरांना माहूर गाठता येते. जवळचे कंधार, उदगीर, औसा हे सारे भुईकोट. पण नवरात्रात एसटीच्या जादा गाड्या भरतात त्या रेणुकामातेसाठी. समोरच्या रामगडाकडे, म्हणजे माहूरच्या किल्ल्याकडे, फिरकतो कोण? 1623 च्या वडिलांविरुद्धच्या बंडात शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, याच गडाच्या आश्रयाला आला होता. माहूरच्याच सरदार रायबागन 1661 मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाच्या मोगली फौजेत होत्या. फौज खिंडीत कोंडली गेल्यावर शिवरायांना शरण जाण्याचा सल्ला त्यांचाच. कारतलबखानापेक्षा बाईंची अक्कल शाबूत! आज हत्ती दरवाजा कसाबसा उभा, तटाच्या फटींत झुडपे माजलेली. मुळांनी चिरे उचकटण्याआधी ती काढावीत आणि देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी गडाचा एक धड माहितीफलक लावावा, एवढे तरी पुरातत्त्व खात्याने येत्या नवरात्रापूर्वी करावे.